आजोबांच्या केपेची जन्मकथा आणि आपल्या पुरवणीतल्या बंदुका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जुन्या काळातल्या चित्रविचित्र बंदुकांवर पानभर मजकूर आला होता. सहा चित्रे आणि प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी. मला या विषयाचा नाद आहे हे नातवाला ठाऊक, म्हणून त्याने ते पान बाजूला काढून ठेवले होते. मी ते दोनदा वाचले. चित्रे सुरेख छापली आहेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण चित्रांखालच्या ओळी वाचून वाईट वाटले. ‘डोके फिरलेल्या संशोधकांची करामत’, ‘वेडगळपणाचा कळस’ असे शब्द तिथे आहेत. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल. जागेअभावी कापावे लागले तर दुसरे काहीही कापा, स्कॉटलंडच्या पाद्र्याचा भाग तेवढा राहू द्या.

मी 34 वर्षे एका सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात काढली. आधी फिटर म्हणून, नंतर टूलरूममध्ये. कानस, मायक्रोमीटर आणि गेज यांच्या संगतीत उमेदीचे दिवस गेले. पोलादाचा एक भाग दुसऱ्यात बसवताना केसाएवढा फरक राहिला तर पुढे काय होते, ते माझ्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळते. त्या नात्याने सांगतो, आपण छापलेल्या सहाही बंदुकांमागे एकेक खरी अडचण होती. कुठे पावसाची, कुठे धुराची, कुठे बार उडायला लागणाऱ्या वेळाची. त्या अडचणीचा उल्लेख पानभर मजकुरात एकदाही नाही. अडचण काढून टाकली की उरलेली वस्तू विचित्रच दिसणार. पाण्याबाहेर काढलेला पंपाचा दट्ट्या पाहून कोणालाही हसू येईल.

आमचे मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत यायची. एरवी माजघरात खुंटीवर. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरत, तेव्हा आजोबा माळ्यावर बसायला जात आणि सात-आठ वर्षांचा मी त्यांच्याबरोबर कंदील घेऊन. बंदूक भरण्याचा सगळा सोहळा मी कितीदा तरी पाहिला आहे. आधी नळीत दारू. वर नारळाच्या काथ्याचा बोळा, गजाने ठासून. मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. गज शेवटी नळीत टाकला की तो आतून ‘टण्ण’ असा उडून वर यायचा. तो आवाज ऐकला की आजोबा मान हलवायचे, म्हणजे ठासण बरोबर झाली. केप मात्र ते शेवटच्या क्षणापर्यंत लावत नसत. तांब्याची, मुगाएवढी टोपी, आत ठोक्याने फुटणारी भुकटी. तपकिरीच्या रिकाम्या डबीत मेणकापडात गुंडाळलेली. माळ्यावर बसल्यावर, डुकरांची चाहूल लागल्यावर, डबी उघडून एक केप चिमटीत धरायची आणि बंदुकीच्या कानावर, म्हणजे नळीत आग नेणाऱ्या भोकाच्या बोंडावर, दाबून बसवायची. “केप भिजली की हातात नुसती काठी,” असे ते म्हणत.

एका श्रावणात ती डबी मी खेळायला घेतली आणि पडवीत उघडी विसरलो. रात्रभर पावळीचे पाणी तिच्यात पडत होते. दुसऱ्या रात्री आजोबांनी तीन केपा लावून पाहिल्या. घोडा तीनदा पडला, तीनदा नुसता ‘टक्’. खालच्या खाचरात डुकरे आरामात चरत होती आणि आम्ही दोघे डबा वाजवत ओरडत बसलो. सकाळी पाहिले तर अर्धा खंडी भाताचे खाचर लोळवून टाकलेले. आजोबा मला एक शब्दही बोलले नाहीत. नवीन केपा आणायला मात्र मला बरोबर घेऊन देवरुखापर्यंत चालत गेले.

आता आपल्या पानावरचे चौथे चित्र पाहा. ‘बंदुकीला अत्तराची कुपी! साहेबाला वासाचा शौक’ अशी त्याखाली ओळ आहे. ती अत्तराची कुपी नाही. आकारामुळे पुढे तिला तसे नाव पडले. आजोबांच्या डबीतल्या केपेची ती आजी आहे.

स्कॉटलंडच्या ॲबर्डीन परगण्यात बेलहेल्वी नावाचे गाव आहे. तिथे अलेक्झांडर जॉन फोर्साइथ नावाचा पाद्री होता. जन्म 1768 चा. वडीलही तिथलेच पाद्री, त्यांच्यामागे हा. त्याला दोन नाद होते, रसायनांचे प्रयोग आणि पाणपक्ष्यांची शिकार. त्या काळी बंदूक चकमकीची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या पडतात, बाहेरच्या छोट्या वाटीतली रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भडकते, तिची ज्योत कानातून आत जाते आणि मग नळीतली दारू पेटते. यात क्षणभर जातो. माणसाला तो क्षण कळत नाही, बदकाला कळतो. वाटीतला भडका दिसला की बदक पाण्यात बुडी मारते आणि छरे रिकाम्या पाण्यावर पडतात. फोर्साइथने आधी भडका झाकायला कुलपावर, म्हणजे बंदुकीच्या बार पेटवणाऱ्या यंत्रणेवर, आडोसा बसवून पाहिला. मग त्याच्या लक्षात आले की भडकाच नको. काही रसायने अशी असतात की त्यांना ठिणगी लागत नाही, नुसत्या ठोक्याने ती फुटतात. ती आधीपासून माहीत होती, पण फार हिंस्र म्हणून कोणी बंदुकीच्या वाटेला नेत नव्हते. या पाद्र्याने 1805 च्या सुमारास त्यांच्यावर चालणारे कुलूप तयार केले आणि 1807 साली त्याचे पेटंट घेतले. पेटंटाचा मसुदा करताना वाफेच्या इंजिनाच्या जेम्स वॉटने त्याला सल्ला दिला होता.

ती ‘कुपी’ म्हणजे काय? एका आसावर फिरणारी पोलादी डबी. एका बाजूला त्या स्फोटक भुकटीचा साठा, दुसऱ्या बाजूला ठोका घेणारी खिळी. कुपी अर्धी फिरवली की भुकटीची एक चिमूट आसाजवळच्या खळग्यात पडते. परत फिरवली की खिळी वर येते आणि साठा खाली जातो. घोडा खिळीवर पडला की चिमूट फुटते, आग थेट आत. एकदा भरली की पंचवीसेक बारांची सोय. संपादक महोदय, यात कारागिराची कसोटी कुठे आहे ते सांगतो. फिरणाऱ्या कुपीत आणि स्थिर आसात फट राहिली तर आग साठ्यापर्यंत पोचणार आणि बंदूकवाल्याच्या डोळ्यासमोर सगळी कुपी फुटणार. फट अजिबात ठेवली नाही तर दोन-चार बारांच्या काजळीने ती फिरायचीच थांबणार. हे माप हातकानशीने आणि लेपिंगने (बारीक भुकटीने घोटून) साधायचे, तेही 1807 साली. मला आजच्या टूलरूममध्ये हे काम दिले असते तरी मी एक दिवस मागून घेतला असता.

लंडनच्या टॉवरमध्ये त्याला सरकारने काम करायला जागा दिली होती. पुढे तोफखान्याचा वरिष्ठ बदलला, नव्या साहेबाला या कामात रस नव्हता, आणि पाद्र्याला आपले सामान उचलून जावे लागले. त्याने लंडनमध्ये पिकाडिलीला दुकान थाटले, पण स्वतः तो बेलहेल्वीचा पाद्रीच राहिला. त्याच्या कल्पनेवरून दहा-पंधरा वर्षांत भुकटीच्या गोळ्या, नळ्या, कागदी पुड्या असे नाना प्रकार निघाले आणि शेवटी तांब्याची टोपी आली. तीच आजोबांची केप. टोपी कोणी आधी काढली याबद्दल अनेकांनी दावे केले. ठोक्याने पेटवायची मूळ युक्ती मात्र त्या पाद्र्याची.

या युक्तीचे मोल किती होते? लंडनजवळच्या वुलिचला 1834 साली सहा चकमकीच्या आणि सहा केपेच्या बंदुका घेऊन प्रत्येक प्रकाराचे 6,000 बार काढून पाहिले. चकमकीचे 922 फुसके गेले, केपेचे 36. म्हणजे चकमकीत साधारण साडेसहात एक फुसका आणि केपेत 166 मध्ये एक. मी कारखान्यात तपासणीचे तक्ते वर्षानुवर्षे भरले आहेत. एका बदलाने फुसक्यांची संख्या अशी कोसळलेली मी कधी पाहिली नाही.

तरीही सैन्यापर्यंत हे पोचायला वेळ लागला, आणि त्याची किंमत आपल्या माणसांनीही मोजली. 1841 च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटनजवळ अफूच्या पहिल्या युद्धात 37 व्या मद्रास पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात मुख्य फौजेपासून तुटली. शिपाई साठेक. हातात चकमकीच्या बंदुका. वाटीतली रंजक भिजून चिखल झालेली, एकही बार उडेना. चारी बाजूंनी गावकऱ्यांचा वेढा, आणि हे चौकोन करून नुसत्या संगिनींवर उभे. शेवटी केपेच्या बंदुका घेतलेले गोरे मरीन शिपाई त्यांना शोधत आले. त्याच पावसात त्यांचे बार उडाले आणि तुकडी सुटली. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पडवीत भिजलेली ती तपकिरीची डबी आठवली. आमचे भात गेले एवढेच. त्या मद्रासी शिपायांचा घोडा वाजून नुसता ‘टक्’ होत असताना त्यांच्या मनात काय आले असेल, याचा विचार पुष्कळ दिवस डोक्यातून गेला नाही. अशा वस्तूखाली ‘साहेबाला वासाचा शौक’ लिहू नये, अशी माझी विनंती आहे.

आता पहिले चित्र. जेम्स पकल, लंडनचा नोटरी, पेटंट 1718 चे, क्रमांक 418. तिकाटण्यावर उभी केलेली एकनळी बंदूक आणि नळीच्या मागे हाताने फिरवायचा, अनेक घरांचा दंडगोल. ख्रिस्ती शत्रूसाठी गोल गोळ्या आणि तुर्कांसाठी चौकोनी गोळ्या, असे त्याने पेटंटाच्या नकाशात दाखवले, हे आपण छापले ते खरे आहे. चौकोनी गोळीची कल्पना दुष्ट होती, तिची मी बाजू घेत नाही. कामाच्या दृष्टीनेही ती वाईट, कारण गोल भोक बरम्याने पडते आणि चौकोनी भोक दिवसभर घासत बसावे लागते. पण आपला मजकूर चौकोनी गोळीपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे.

फिरत्या दंडगोलाची जुनी दुखणी दोन. नळी आणि घर यांच्यामधल्या फटीतून आग आणि वायू बाहेर फुटतो, आणि ती आग शेजारच्या घरात गेली तर न मागितलेला बार उडतो. पकलने प्रत्येक घराचे तोंड निमुळते केले आणि नळीचे मागचे टोक त्याला बरोबर सामावेल असे खोलगट. मागच्या बाजूला आट्यांची मूठ. मूठ सैल करायची, दंडगोल फिरवायचा, मूठ आवळायची, की घराचे निमुळते तोंड नळीत घट्ट जाऊन बसते. गळती बंद. आपल्या घरातल्या नळाच्या जोडणीत जे तत्त्व असते तेच. 1722 साली पाऊस पडत असताना एका माणसाने या बंदुकीतून 7 मिनिटांत 63 बार काढून दाखवले. मिनिटाला 9. त्या काळचा चांगला शिपाई कोरड्या हवेत मिनिटाला दोन-तीन काढत असे. सैन्याने ती घेतली नाही आणि ज्यांनी पैसे घातले त्यांचे बुडाले. पण दंडगोल पुढे सरकवून नळीशी घट्ट बसवायची कल्पना मेली नाही. 1895 साली रशियन सैन्याने घेतलेल्या, नागाँ (Nagant) या बेल्जियन बंदूककाराच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा चढवला की दंडगोल आपोआप पुढे सरकतो आणि फट बुजते. मधे 177 वर्षे गेली. एवढ्या अवधीत लेथ सुधारली, आटे सारखे पडू लागले, धातू सुधारला. पकलची कल्पना बरोबर होती, त्याच्या काळचे यंत्रकाम तिला पुरे पडले नाही.

दुसऱ्या चित्राखाली ‘मुलांच्या छऱ्याच्या बंदुकीसारखे खेळणे’ असे आहे. हे तर सरळ चूक आहे आणि दुरुस्ती छापावी. ती जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1780 साली ती अधिकृतपणे स्वीकारली आणि ती लढाईत वापरली गेली. गोळी शिशाची, जवळजवळ पाऊण बोट जाड. नळीच्या कडेला लांब पन्हळ, तिच्यात 20 गोळ्या. बंदुकीचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी, लोखंडी पत्र्याची, वरून चामडे चढवलेली. बंदुकीचे तोंड वर करायचे म्हणजे गोळी आपल्या वजनाने मागे घरंगळते. अंगठ्याने आडवा ठोकळा दाबायचा, त्यातल्या भोकात गोळी बसते, सोडला की कमान त्याला जागेवर आणते. घोडा चढवला, चाप ओढला, झाले. ना धूर, ना भडका. पाऊस पडो की पडो नको. एका भरणीत तीसेक बार चांगल्या जोराचे निघत, पुढे जोर ओसरत जाई. म्हणून शिपायाला भरलेले जादा दस्ते दिलेले असत.

मग अशी बंदूक मागे का पडली? तो दस्ता भरायला हातपंपाचे जवळपास 1,500 दट्टे मारावे लागत. आत हवेचा दाब वातावरणाच्या पन्नासपटीहून जास्त. मोटारीच्या टायरात आपण दोन-सव्वादोन भरतो, त्यावरून अंदाज यावा. एवढा दाब सांभाळायला झडपेवर चामड्याचे वॉशर. चामडे सुकले की आकसते आणि हवा निसटते, म्हणून ते सतत ओलसर ठेवायचे. पत्र्याच्या सांध्यात सुईएवढे भोक राहिले तर रात्रीतून टाकी रिकामी. ज्याने आयुष्यात कधी एअर कॉम्प्रेसरची गळती साबणाच्या फेसाने शोधली आहे, त्याने अठराव्या शतकातल्या त्या पत्रेवाल्याला हात जोडावेत. एक चांगली बंदूक बनवणे त्यांना जमले. हजारो सारख्या बनवणे आणि युद्धाच्या धामधुमीत त्या दुरुस्त करत राहणे जमले नाही.

या जातीच्या बंदुकीची एक गोष्ट मात्र अंगावर काटा आणते. अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत अशी एक बंदूक होती. 1803 च्या ऑगस्टअखेर पिट्सबर्गजवळच्या एका बेटावर लोकांनी आग्रह केला म्हणून लुईसने ती काढली, 55 यार्डांवर सात बार मारून दाखवले. मग पाहायला म्हणून ती दुसऱ्या कोणाच्या हातात गेली. त्याला तिची सवय नव्हती, हातातल्या हातात बार उडाला. 40 यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या टोपीतून गोळी आरपार गेली आणि कानशिलाला चाटून गेली. बाई कोसळली, रक्ताची धार लागली, सगळ्यांना वाटले मेली. मिनिटाभराने तिने डोळे उघडले. लुईसने हे स्वतः आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. खेळणे म्हणावे अशी ती वस्तू नव्हती. आवाज कमी म्हणून जीव कमी जातो असे नाही. हे आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात मुलांना छऱ्याची बंदूक आणून दिली आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो.

नॉक नावाच्या इंग्रज बंदूककाराच्या सात नळ्यांच्या बंदुकीबद्दल फार लिहीत नाही. ब्रिटिश आरमाराने ती 1780 च्या सुमारास डोलकाठीवरून शत्रूच्या डेकवर मारा करायला घेतली. सातही नळ्या एकदम उडत. धक्क्याने खांदा निखळायची भीती आणि भडक्याने स्वतःच्याच शिडांना आग लागायची भीती. इथे मात्र आपली टीका रास्त आहे. फक्त एवढे जोडतो की एका बत्तीने अनेक नळ्या उडवायची ओढ आपल्याकडेही होती. अकबराच्या कारखान्यात 17 नळ्या एकत्र जोडून एकाच तोड्याने (जळत्या वातीने) उडवायची व्यवस्था केली होती, असे अबुल फझलने ऐन-ए-अकबरीत नोंदवले आहे. हे त्या पानावर आले असते तर मुलांना जास्त आवडले असते. वाकड्या नळीच्या जर्मन बंदुकीबद्दलही तसेच. कोपऱ्याआडून मारण्यासाठी पोलादी नळी 30 अंशांत वाकवली, गोळ्या आत घासून फुटू लागल्या, आणि तीनेकशे बारांत नळी निकामी. ते फसलेच.

पण शेवटच्या चित्रातल्या ‘लिबरेटर’ पिस्तुलाला ‘अमेरिकेने बनवलेला भंगार माल’ म्हटले आहे, त्यावर उत्पादन खात्यातला माणूस म्हणून बोलल्यावाचून राहवत नाही. 1942 साली इंडियानातल्या अँडरसन गावी, मोटारींचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात, हे पिस्तूल बनले. एकूण भाग 23, बहुतेक पत्र्याचे, प्रेसवर ठोकून काढलेले. तीन महिन्यांच्या आत दहा लाख नग. एक पिस्तूल तयार व्हायला जेवढे सेकंद लागत, त्याहून जास्त ते पुन्हा भरायला लागत. एका वेळी एकच गोळी. रिकामे टरफल काढायला कडी नाही, काडी घालून ढकलायचे. सोबत दिलेल्या कागदावर एकही अक्षर नाही, नुसती चित्रे. कारण ते कोणत्या देशातल्या, कोणती भाषा बोलणाऱ्या माणसाच्या हाती पडेल ते ठरलेले नव्हते. शत्रूच्या टाचेखालच्या प्रदेशात ही पिस्तुले टाकायची, एखाद्याने जवळून एक बार काढून पहारेकऱ्याची चांगली बंदूक हस्तगत करायची, असा बेत होता. बहुतेक पिस्तुले वापरलीच गेली नाहीत आणि पुढे वितळवली गेली. पण मोटारीचे दिवे ठोकणाऱ्या प्रेसवर, दुसरे काम बाजूला ठेवून, तीन महिन्यांत दहा लाख नग काढणे म्हणजे काय, हे ज्याने डाय बसवल्या आहेत त्याला विचारा. आमच्याकडे नव्या नगाचा पहिला शंभराचा लॉट तपासणीतून पार पडेपर्यंत कित्येकदा महिना गेलेला मी पाहिला आहे.

आता या पत्राचे खरे कारण. आमच्या भागातल्या एका वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात, खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत, एक तोड्याची बंदूक आहे. तिला फिरता दंडगोल आहे. हो, तोड्याच्या बंदुकीला. हिंदुस्थानी कारागिरांनी अशा बंदुका केलेल्या आहेत आणि परदेशातल्या संग्रहांत त्या मानाने ठेवलेल्या असतात. इथे तिच्याखाली पाटी आहे, ‘बंदूक, जुनी’. दोन शब्द. दंडगोलाला चार घरे. प्रत्येक घराला स्वतःचा कान आणि स्वतःची रंजकदाणी, आणि प्रत्येक रंजकदाणीवर सरकते पितळी झाकण. एक झाकण हरवले आहे, तीन जागेवर आहेत. ती झाकणे शोभेची नाहीत. एका घराची रंजक भडकली की शेजारच्या घराला आग लागू नये म्हणून ती आहेत. पकलने ज्या दुखण्यावर निमुळत्या तोंडाचे औषध काढले, त्याच दुखण्यावर आपल्या लोहाराने पितळी झाकणाचे काढले. झाकणाच्या कडा कानशीने इतक्या बारीक उतरवल्या आहेत की काचेबाहेरून जोड दिसत नाही. दंडगोल जागेवर धरायला पोलादी पट्टीची कमान आहे, तिचे टोक झिजलेले आहे. म्हणजे ही बंदूक भेट देऊन मिरवण्यापुरती नव्हती. कोणीतरी तो दंडगोल पुष्कळ वेळा फिरवला आहे.

मी तिथल्या कार्यालयात अर्ज दिला की पाटी मी फुकट लिहून देतो, हवी तर तज्ज्ञाकडून तपासून घ्या. शिक्षण विचारले. आयटीआय म्हटल्यावर अर्ज बाजूला ठेवला गेला. त्याला आता दीड वर्ष झाले. मला त्या मंडळींशी भांडायचे नाही. पण परवा त्या पेटीसमोर शाळेची सहल आली होती. गुरुजींनी पाटी वाचली, “बंदूक, जुनी,” आणि मुले पुढच्या पेटीकडे गेली. एक मुलगी मागे राहिली आणि झाकणाकडे बोट करून तिने मला विचारले, “काका, ही छोटी दारे कशाला?” मी सांगितले. तिने घरे चार आणि दारे तीन मोजली, चौथे दार नाही हे तिच्याच लक्षात आले, आणि “मग त्या घरात दारू भरायची नाही ना?” असे ती म्हणाली. मला हे दीड वर्षात सुचले नव्हते. बरोबर आहे तिचे. झाकण नसलेले घर त्या माणसाने रिकामेच ठेवले असणार.

म्हणून विनंती एवढीच. आपल्याकडे पानभर जागा आहे आणि उत्तम चित्रकार आहेत. असेच आणखी एक पान करा, आपल्या महाराष्ट्रातल्या संग्रहालयांत धूळ खात पडलेल्या शस्त्रांचे. प्रत्येक चित्राखाली दोनच ओळी द्या, पण त्यात ही वस्तू कोणत्या अडचणीसाठी बनली ते लिहा. पाट्या बदलणे तुमच्या हाती नाही, पण छापून आलेले पान कापून पेटीच्या काचेवर चिकटवायला मी तयार आहे, परवानगी मिळाली तर.

सोबत त्या दंडगोलाचे रेखाचित्र पाठवत आहे. काचेबाहेर उभे राहून, पट्टी काचेला लावून मापे घेतली आहेत, त्यामुळे एक-दोन मिलिमीटर इकडे तिकडे असतील. कमानीचे झिजलेले टोक लाल पेन्सिलीने दाखवले आहे. छापता आले नाही तर कृपया परत पाठवावे, पत्त्याचे पाकीट तिकीट लावून आत ठेवले आहे. माझ्याकडे त्याची दुसरी प्रत नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फिटर
(मूळ गाव : तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी)